रुग्णाच्या खाटेजवळची बढती

परिचर्येच्या शिक्षणात ‘पुढे जाणे’ या शब्दांना दोन अर्थ चिकटलेले आहेत, आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थिनीला ते बहुधा कोणी वेगळे करून सांगत नाही. पहिला अर्थ पदाचा आहे. वॉर्डातील ड्युटीवरून वॉर्डाच्या प्रमुखपदावर, तेथून रुग्णालयाच्या कार्यालयात किंवा महाविद्यालयाच्या वर्गात जाणे म्हणजे पुढे जाणे, असे तो सांगतो. दुसरा अर्थ कामाचा आहे. त्याच रुग्णापाशी उभे राहून अधिक जाणणे, अधिक ठरवणे आणि ठरवलेल्या गोष्टीची जबाबदारी स्वतःच्या सहीने घेणे, हे त्यात अभिप्रेत असते. जगातील अनेक देशांत जिला प्रगत परिचर्या म्हणतात ती या दुसऱ्या अर्थाची आहे. महाराष्ट्रातील नर्सिंग शिक्षणाची शिडी मात्र पहिल्या अर्थाने बांधली गेली आहे, आणि आजच्या विद्यार्थ्यांच्या आकांक्षांना जी अडचण जाणवते तिचे मूळ या विसंगतीत आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, जळगावकडून येणारा रस्ता शहरात शिरतो तेथे हर्सूल वसले आहे. तलाव, देवीचे मंदिर आणि मध्यवर्ती कारागृह यांमुळे ओळखले जाणारे हे एकेकाळचे स्वतंत्र गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले असले, तरी त्याचे वेशीचे स्वरूप अजून टिकून आहे. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा या बाजूने निघालेला रुग्ण हर्सूलवरूनच शहरात येतो, आणि सरकारी उपचार घ्यायचे असतील तर पाणचक्कीच्या परिसरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘घाटी’त पोहोचतो. १९५६ साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न अशा या सुमारे ११७७ खाटांच्या रुग्णालयावर मराठवाड्याचा मोठा भाग आणि शेजारच्या जिल्ह्यांतील अनेक तालुके अवलंबून आहेत. त्याच रस्त्याने याच तालुक्यांतील मुली आणि मुले नर्सिंग शिकण्यासाठी शहरात येतात. रस्त्याच्या एका टोकाला उपकेंद्रात एकटी काम करणारी आरोग्यसेविका आहे, तर दुसऱ्या टोकाला अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरील रुग्णाजवळ बसलेली अधिपरिचारिका आहे. परिचर्येत प्रगत म्हणजे काय, या प्रश्नाचा विचार ही दोन्ही टोके डोळ्यांसमोर ठेवूनच करावा लागतो.

शिडीची रचना अशी आहे. बारावीनंतर दोन वर्षांचा सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे एएनएम अभ्यासक्रम, तीन वर्षांची जीएनएम पदविका किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी घेता येते. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने पदवी मिळवता येते. पुढे दोन वर्षांची एम.एस्सी. आणि त्यानंतर पीएच.डी. अशा पायऱ्या आहेत. एम.एस्सी.च्या शाखा औषधवैद्यक व शस्त्रक्रिया, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य अशा पाच आहेत. पदांची शिडी वेगळी आहे. सरकारी रुग्णालयात परिचारिका ‘अधिपरिचारिका’ म्हणून रुजू होते, बढती मिळाल्यावर ‘परिसेविका’ म्हणजे वॉर्डाची इनचार्ज सिस्टर होते, आणि पुढे सहायक अधिसेविका व अधिसेविका, म्हणजे जुन्या भाषेतील मेट्रन होते. शिकवण्याकडे वळल्यास ‘पाठ्यनिर्देशिका’ होते. या दोन शिड्या एकमेकींशी फार सैलपणे जोडलेल्या आहेत. बालपरिचर्येत एम.एस्सी. केलेली आणि जीएनएम पदविका घेतलेली अशा दोघी एकाच बालविभागात एकाच पदावर, एकाच अधिकाराने काम करताना दिसू शकतात. अधिक शिकलेलीला अधिक निर्णय घेता यावेत अशी जागा वॉर्डात निर्माणच केलेली नसते, आणि बी.एस्सी.च्या महाविद्यालयात शिकवण्यासाठी एम.एस्सी. लागत असल्याने ती साहजिकच वर्गाकडे वळते. परिणामी वैद्यकीय ज्ञानात सर्वांत पुढे गेलेली परिचारिका रुग्णापासून सर्वांत दूर जाते.

ही रचना कोणी दुष्टपणे केलेली नाही. तिला इतिहास आहे. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि त्याने मध्यमवर्गीय घरांतील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले, तेव्हा परक्या माणसाच्या देहाची, त्याच्या मलमूत्राची आणि जखमेची सेवा पगार घेऊन करणे हे कुलीन स्त्रीला शोभणारे काम आहे, एवढेच समाजाला पटवून देणे मोठे आव्हान होते. जात, सोवळेओवळे आणि रात्रपाळी या तिन्ही गोष्टी त्या स्त्रियांच्या आड येत होत्या. ज्या व्यवसायाकडे देहाशी असलेल्या जवळिकीमुळे खालच्या नजरेने पाहिले गेले, त्यात त्या जवळिकीपासून दूर जाणे हेच प्रतिष्ठेचे माप ठरावे, यात नवल नाही. आजही गावाकडील घरांत ‘मुलगी आता ड्युटीवर नाही, कॉलेजात शिकवते’ हे वाक्य अभिमानाने बोलले जाते, त्यामागे हा जुना भार आहे.

दुसरे कारण टंचाईचे. १९४६ साली सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४३,००० लोकांमागे एकच परिचारिका असल्याचे दाखवले होते. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगची पदवी सुरू झाली. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली स्थापन झाले. हजारो परिचारिका घडवायच्या असताना पहिली गरज शिकवणाऱ्यांची होती, म्हणून उच्च शिक्षणाचा रोख अध्यापनाकडे वळला. त्या काळाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पुढे नर्सिंग महाविद्यालये मोठ्या संख्येने उघडली तरी रोख तोच राहिला.

याच सुमारास अमेरिकेत वेगळी वाट फुटली. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिकेने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञासोबत एक अभ्यासक्रम सुरू केला. ग्रामीण भागांतील मुलांना डॉक्टर मिळत नव्हते, आणि ज्या परिचारिका त्यांच्यापर्यंत पोहोचत होत्या त्यांना तपासणीचे व निर्णयाचे अधिक शिक्षण दिले तर बाळाच्या वाढीचे निरीक्षण आणि साध्या आजारांचे उपचार त्या सुरक्षितपणे करू शकतील, असा त्यामागील विचार होता. तिथून ‘नर्स प्रॅक्टिशनर’ ही भूमिका जन्माला आली. ही परिचारिका रुग्णाचा इतिहास घेते, त्याला तपासते, चाचण्या सांगते, निदान करते, ठरलेल्या कक्षेत औषध लिहून देते आणि स्वतःच्या कक्षेबाहेरचा रुग्ण ओळखून डॉक्टरकडे पाठवते. २०२५ च्या जानेवारीत वयाच्या १०४ व्या वर्षी फोर्ड यांचे निधन झाले, तोवर ही भूमिका अनेक देशांत कायद्याने मान्य झाली होती. अमेरिकेत प्रगत परिचर्येच्या चार शाखा मानल्या जातात: नर्स प्रॅक्टिशनर, एखाद्या आजाराच्या किंवा विभागाच्या परिचर्येत तज्ज्ञ असलेली क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट, भूल देणारी नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट आणि प्रसूती सांभाळणारी नर्स-मिडवाइफ. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने २००२ साली आणि पुन्हा २०२० साली या भूमिकेची जी मांडणी केली, तिच्यात तज्ज्ञ ज्ञान, गुंतागुंतीचे निर्णय घेण्याचे कौशल्य आणि रुग्णाशी थेट काम या तीन गोष्टी एकत्र येतात. यांतील तिसरी गोष्ट वगळली की उरते ते व्यवस्थापन किंवा अध्यापन. दोन्ही कामे मोलाची आहेत, पण ती प्रगत परिचर्या नव्हेत.

ही भूमिका सुरक्षित आहे का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो विचारला गेला आहे. २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांची वाटणी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी करून, काहींना नर्स प्रॅक्टिशनरकडे आणि काहींना डॉक्टरकडे प्राथमिक उपचारांसाठी सोपवण्यात आले, तेव्हा दोन्ही गटांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक आढळला नाही. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील आढाव्यात नर्स प्रॅक्टिशनर रुग्णाला अधिक वेळ देतात आणि रुग्णांचे समाधान अधिक असते, असे दिसून आले. या अभ्यासांचा आवाका प्राथमिक उपचारांपुरता आहे. गुंतागुंतीच्या आजारात परिचारिका डॉक्टरची जागा घेऊ शकते, असे त्यांतून सिद्ध होत नाही. रुग्णालयातील सर्वसाधारण परिचर्येविषयी २०१४ साली लॅन्सेटमध्ये नऊ युरोपीय देशांतील ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला होता. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी घटते, आणि प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ती शक्यता तेवढीच वाढते, असे त्यात आढळले. शिक्षण आणि मनुष्यबळ यांना एकमेकांपासून तोडता येत नाही, हे या आकड्यांच्या जोडीतून दिसते.

प्रगत परिचारिकेचे ज्ञान नेमके कोठे उपयोगी पडते हे समजण्यासाठी एक साधी स्थिती तपशिलाने पाहणे योग्य ठरेल. पोटाची शस्त्रक्रिया झालेला साठ किलो वजनाचा रुग्ण दुसऱ्या रात्री वॉर्डात आहे. संध्याकाळी त्याचा श्वास मिनिटाला १६ होता, रात्री दोन वाजता तो २४ झाला आहे. नाडी वाढली आहे. लघवीच्या पिशवीत तासाभरात २० मिलिलिटरच लघवी जमली आहे. रक्तदाब मात्र ठीक आहे. रक्तदाब ठीक आहे म्हणून रुग्ण ठीक आहे, असे समजणे ही नवख्याची चूक असते. शरीरात जंतुसंसर्ग पसरू लागला किंवा आतून रक्त जाऊ लागले की हृदय वेगाने चालते, हातापायांतील रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदू व हृदय यांच्याकडे रक्त वळवले जाते, त्यामुळे दाब काही काळ टिकून राहतो. त्याची किंमत मूत्रपिंडे चुकवतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर, म्हणजे या रुग्णात ३० मिलिलिटर लघवी अपेक्षित असताना ती कमी होते. पेशींना प्राणवायू कमी पडून रक्तात आम्ल साचू लागते आणि ते बाहेर टाकण्यासाठी श्वास वाढतो. दाब घसरतो तेव्हा शरीराचे सांभाळून घेणे संपलेले असते, आणि उपचाराच्या हाती असलेले कित्येक तास वाया गेलेले असतात.

म्हणूनच लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली तयार केलेल्या व २०१७ साली सुधारलेल्या पूर्वसूचना गुणपत्रकात २१ ते २४ श्वासांना दोन गुण आणि २५ वा त्याहून अधिक श्वासांना तीन गुण दिले आहेत, आणि सर्व निरीक्षणांची बेरीज पाचवर गेली की रुग्णाला तातडीने तपासावे असे सांगितले आहे. खेदाची गोष्ट अशी की गर्दीच्या वॉर्डात सर्वांत जास्त वेळा अंदाजाने लिहिला जाणारा आकडा श्वासाचाच असतो. रक्तदाबाला यंत्र आहे, तापाला थर्मामीटर आहे. श्वासासाठी मात्र घड्याळाकडे पाहत रुग्णाजवळ पूर्ण एक मिनिट उभे राहावे लागते, आणि चाळीस रुग्णांच्या वॉर्डात ते मिनिट मिळत नाही.

या प्रसंगी विद्यार्थिनी आकडे तक्त्यावर नोंदवते. अनुभवी अधिपरिचारिकेला ‘हा पेशंट बरा दिसत नाही’ असे जाणवते आणि ती निवासी डॉक्टरला बोलावते. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली ‘फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट’ या ग्रंथात नवखेपणापासून तज्ज्ञतेपर्यंतच्या ज्या पाच अवस्था वर्णिल्या, त्यांतील वरच्या अवस्थांचे हे लक्षण आहे. सुट्या आकड्यांऐवजी रुग्णाची संपूर्ण स्थिती एकदम दिसणे ही सामर्थ्याची गोष्ट आहे, पण नुसत्या जाणिवेने उपचार सुरू होत नाहीत. प्रगत परिचारिका त्या जाणिवेला तपासणीची जोड देते. ती पोट दाबून पाहते, फुफ्फुसांचा आवाज ऐकते, रक्तातील लॅक्टेट व जंतूंच्या चाचणीसाठी नमुने पाठवते, रुग्णालयाने आधीच मान्य केलेल्या कार्यपद्धतीनुसार शिरेवाटे द्रव सुरू करते, आणि शल्यचिकित्सकाला फोनवर ‘पेशंट बरा दिसत नाही’ एवढेच न सांगता आतडे जोडलेल्या ठिकाणी गळती झाली असावी असा तर्क कारणांसह मांडते. जाणवण्यापासून तर्क मांडण्यापर्यंतचे हे अंतर पुस्तकाने आणि अनुभवाने मिळून कापायचे असते, आणि त्यासाठी एकाच प्रकारच्या विभागात सलग काही वर्षे राहावे लागते. पदवी मिळताच प्रगत भूमिका मागणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही वर्षे वाया जाणारी मानू नयेत. या व्यवसायात तीच खरी गुंतवणूक असते.

भारतात या दिशेने पावले पडलेली नाहीत असे नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने नर्स प्रॅक्टिशनर आणि सार्वजनिक आरोग्य परिचारिका अशी संवर्गरचना सुचवली. त्यापूर्वीच, २०१६ च्या सुमारास, भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी स्वरूपाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला होता. बी.एस्सी. आणि किमान एक वर्षाचा अनुभव असलेल्यांना त्याला प्रवेश मिळतो, आणि त्यातील बहुतेक काळ वर्गाऐवजी प्रत्यक्ष अतिदक्षता विभागात जातो. वर सांगितलेली पोकळी नेमकी ओळखून केलेली ही रचना आहे. २०१८ साली केंद्र सरकारने प्रसाविका सेवांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि आधीच पात्र असलेल्या परिचारिकांसाठी अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणातून ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हा संवर्ग उभारण्याचे ठरवले. नैसर्गिक प्रसूती गुंतागुंतीशिवाय पार पडत असेल तर ती प्रसाविकेने सांभाळावी आणि धोका दिसताच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे सोपवावी, हे त्यामागील सूत्र आहे. २०२३ साली संसदेने १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा मंजूर केला.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने यांहूनही बोलका तपशील अभ्यासक्रमात आहे. २०२१ साली अधिसूचित झालेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात सत्रपद्धती आली, रुग्णाच्या शारीरिक तपासणीला स्वतंत्र महत्त्व मिळाले, आणि चौथ्या सत्रातील औषधशास्त्राच्या विषयात औषध लिहून देण्याची मूलतत्त्वे हा भाग समाविष्ट झाला. म्हणजे फुलंब्री किंवा सिल्लोड तालुक्यातून आलेली विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षातच औषधाची निवड, मात्रा, परस्परक्रिया आणि चिठ्ठी लिहिण्याची शिस्त शिकते. ती पदवीधर होऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करते, तेव्हा त्या शिक्षणाचा वापर करण्याची परवानगी मात्र तिला नसते, कारण औषध व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ नुसार अनुसूचित औषधांची चिठ्ठी नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकानेच लिहायची असते. अतिदक्षता विभागाची नर्स प्रॅक्टिशनरसुद्धा रुग्णालयाने मान्य केलेल्या कार्यपद्धतीच्या आणि डॉक्टरच्या देखरेखीच्या चौकटीतच औषध देऊ शकते.

आणि तरीही, हर्सूल ओलांडून उत्तरेला गेले की चित्र उलटे दिसते. उपकेंद्रातील आरोग्यसेविका, जिचे औपचारिक शिक्षण दोन वर्षांचे आहे, ती ठरलेल्या सूचनांनुसार गर्भवतीला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देते, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता दिसली तर बाळाची फुफ्फुसे पक्व व्हावीत म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन देते, संसर्ग झालेल्या नवजात बाळाला जेंटामायसिनची मात्रा देऊन पुढे पाठवते आणि तांबी बसवते. केंद्र सरकारने तिला हे अधिकार दिले, कारण तेथे दुसरे कोणी नसते आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत आई किंवा बाळ दगावू शकते. जेथे डॉक्टर नाही तेथे परिचारिकेच्या निर्णयशक्तीवर विश्वास ठेवायचा आणि जेथे डॉक्टर आहे तेथे तिच्याहून अधिक शिकलेल्या परिचारिकेचा निर्णय अनावश्यक मानायचा, हे धोरण गरजेतून आले असले तरी तर्काला धरून नाही. आरोग्यसेविकेचे अधिकार कमी करावेत असा याचा अर्थ मुळीच नाही. उलट शास्त्रशुद्ध सूचना, प्रशिक्षण आणि पुढे पाठवण्याची सोय असेल तर डॉक्टरेतर व्यक्ती अवघड उपचारही सुरक्षितपणे करू शकते, याचा हा पुरावा आहे. असा पुरावा महाराष्ट्राने जगाला आधीही दिला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे, प्रसंगी प्रतिजैविक देण्याचेही शिक्षण दिले, आणि १९९९ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावकरी स्त्रियांच्या हाती आरोग्यज्ञान सोपवून जे काम उभे केले, तेही याच वाटेवरचे.

२०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांना आरोग्यवर्धिनी केंद्रांचे रूप देऊन तेथे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, नेमले जाऊ लागले. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना आणि आयुर्वेदाच्या पदवीधरांना सामुदायिक आरोग्याच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर हे पद मिळू शकते. मधुमेह व रक्तदाबाची तपासणी, नियमित औषधे, कर्करोगाची प्राथमिक चाचणी ही त्याची कामे आहेत. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः घराजवळ राहून स्वतंत्र जबाबदारी हवी असलेल्यांसाठी, प्रगत भूमिकेच्या सर्वांत जवळचे पद आज हेच आहे. ते बहुतांशी कंत्राटी असणे आणि त्यापुढची पायरी धूसर असणे, ही त्याची उणीव. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील ३२ वे कलमही याच संदर्भात वाचले पाहिजे. आधुनिक वैद्यकाशी संबंधित व्यक्तींना ‘समुदाय आरोग्य सेवादाता’ म्हणून प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांपुरता मर्यादित परवाना देण्याची, आणि त्यांची संख्या परवानाधारक डॉक्टरांच्या एकतृतीयांशाहून अधिक न ठेवण्याची तरतूद त्यात आहे.

त्या कलमाला डॉक्टरांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला आणि तो केवळ हितसंबंधांचा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्या देशात शिक्षण नसलेले लोक सर्रास औषधे देतात, तेथे परवान्याची दारे सैल करण्याची भीती समजण्यासारखी आहे, आणि चुकीच्या उपचाराची कायदेशीर जबाबदारी कोणावर, हा प्रश्नही खरा आहे. पण या भीतीवरचा उपाय म्हणजे निकष कडक करणे. ब्रिटनने तो मार्ग घेतला. १९९० च्या दशकात तेथे समाजात जाऊन काम करणाऱ्या परिचारिकांना मर्यादित यादीतील औषधे लिहिण्याची मुभा मिळाली. स्वतंत्र प्रशिक्षण, परीक्षा आणि नोंदणीतील वेगळी नोंद यांवर आधारलेला अनुभव जमल्यानंतर २००६ साली पात्र परिचारिकांना जवळपास सर्व औषधे लिहिण्याचा अधिकार देण्यात आला. अधिकार टप्प्याटप्प्याने वाढला आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचे मोजमाप झाले. महाराष्ट्रात अशी सुरुवात उच्च रक्तदाब व मधुमेहाच्या स्थिर रुग्णांची औषधे पुढे चालू ठेवणे, जखमांची देखभाल आणि वेदनाशामक उपचार यांपासून करता येण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप परिचर्येच्या आतूनच येतो आणि तो अधिक गंभीर आहे. वॉर्डात साध्या परिचारिकाही पुरेशा नसताना त्यांतील निवडक हुशार मुलींना प्रगत भूमिकेकडे नेले तर उरलेल्यांचा भार वाढेल, हे म्हणणे खोटे नाही. मात्र आजची स्थिती त्याहून वाईट आहे, कारण अनुभवी परिचारिका वॉर्ड सोडतच आहेत. त्या वर्गात जातात, कार्यालयात जातात किंवा विमानतळावर जातात. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. जर्मन भाषेचे वर्ग, ब्रिटनसाठीची इंग्रजीची परीक्षा, अमेरिकेसाठीची एनक्लेक्स ही आता नर्सिंगच्या वसतिगृहांतील रोजच्या बोलण्यातील नावे झाली आहेत. पगार आणि सन्मान यांसाठी जाणाऱ्या मुलीला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिला एवढे मात्र आधी सांगितले गेले पाहिजे की परदेशात जाणे आणि प्रगत परिचर्येत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: जर्मनीत परिचारिकेचे काम रुग्णाच्या दैनंदिन देखभालीभोवती अधिक फिरते, तर ब्रिटन किंवा अमेरिकेत प्रगत भूमिका आहेत, पण तेथे पोहोचण्यासाठी आधी सामान्य नोंदणी, नंतर काही वर्षांचा अनुभव आणि पुन्हा पदव्युत्तर शिक्षण लागते.

येथेच राहणाऱ्यांपुढील अडथळे वेगळ्या जातीचे आहेत. दोन वर्षांच्या निवासी अभ्यासक्रमासाठी नोकरी सोडावी लागते किंवा अभ्यासरजा मिळवावी लागते. तेवढ्यात लग्नाचे वय, सासरची संमती, मुलांचा सांभाळ हे प्रश्न उभे राहतात. आणि या त्यागाच्या शेवटी वेगळे पद, वेगळे वेतन, वेगळी नोंद यांची हमी नसेल, तर शहाणी मुलगी अधिपरिचारिकेच्या सरळसेवा भरतीची किंवा एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेची तयारी करते, आणि तिचे काहीच चुकत नाही. नर्सिंगमध्ये येणाऱ्या मुलांची, वॉर्डाच्या भाषेत ‘ब्रदर’ची, संख्या वाढत असल्याने हे गणित आता केवळ स्त्रियांच्या संसाराचे राहिलेले नाही, घर चालवण्याची अपेक्षा असलेला तरुणही पदाविना पदवी घेण्याचा धोका पत्करत नाही. म्हणून अभ्यासक्रम आखण्याइतकेच पद निर्माण करणे महत्त्वाचे ठरते. मोठ्या शासकीय रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, नवजात विभागात आणि प्रसूती कक्षात प्रत्येक पाळीला एक प्रगत परिचारिका असेल, तिचे अधिकार लेखी कार्यपद्धतीत नमूद असतील आणि तिची बढती त्याच विभागात राहून होईल, अशी पदरचना झाली, तर अधिपरिचारिका व परिसेविका यांच्या मधून वर जाणारी तिसरी वाट तयार होईल.

या वाटेचे पहिले लाभार्थी परिचारिकांपेक्षाही रुग्णच असतील, आणि त्यांतील पुष्कळ जण जळगाव रस्त्यानेच येणारे असतील. सिल्लोडच्या ग्रामीण भागातून निघालेल्या गर्भवतीला उपकेंद्रात मॅग्नेशियम सल्फेट दिले गेले, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फुलंब्री मागे टाकून रात्री हर्सूलला पोहोचली आणि ती गर्भवती घाटीच्या प्रसूती विभागात दाखल झाली, तर तिच्याजवळ सर्वांत जास्त वेळ थांबणारी व्यक्ती निवासी डॉक्टर असणार नाही, कारण तो दुसऱ्या शस्त्रक्रियेला गेलेला असेल. तिचा रक्तदाब, गुडघ्याचा प्रतिक्षेप, श्वास आणि लघवी दर तासाला पाहणारी परिचारिकाच तेथे असेल. मॅग्नेशियमची मात्रा वाढली तर आधी गुडघ्याचा प्रतिक्षेप नाहीसा होतो आणि नंतर श्वास मंदावतो, तसे झाल्यास औषध थांबवून कॅल्शियम ग्लुकोनेट द्यायचे असते, हे त्या परिचारिकेला ठाऊक असते. तिने ते दुसऱ्या वर्षाच्या औषधशास्त्रात वाचलेले असते, आणि कॅल्शियमची कुपी तिच्या हाताशी, ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात ठेवलेली असते.